‘नाही जमत’ म्हणजे नेमकं काय? वृद्धनिवासातल्या सेविकांच्या प्रशिक्षणाबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यात तुमच्या मंडळाचं वृद्धनिवास आहे. बावीस आजी-आजोबा, त्यातले बरेचसे मराठी. सेविका नऊ, बहुतेक जणी छोटा उदेपूर, बोडेली, डभोईकडच्या. नातेवाईक म्हणतात सेविका उर्मट आहेत, सेविका म्हणतात म्हातारी माणसं ऐकत नाहीत. तीन दिवसांचं प्रशिक्षण ठेवायचं आहे, तर त्यात काय शिकवावं आणि एखादा तयार अभ्यासक्रम मिळेल का?

तयार अभ्यासक्रम मिळतो. दिल्लीच्या राष्ट्रीय समाज रक्षा संस्थानाचे वृद्धसेवेचे अभ्यासक्रम आहेत, कौशल्य विकासाखालीही घरगुती शुश्रूषेचे वर्ग चालतात. ते वाईट नाहीत. रक्तदाब मोजणं, ताप बघणं, अंथरुणावरची चादर बदलणं हे सगळं त्यात नीट येतं. पण तुमच्याकडची अडचण तिथली वाटत नाही. मी अठ्ठावीस वर्षं या कामात आहे, आधी वॉर्डात नर्स म्हणून आणि नंतर सेविकांना शिकवणारी म्हणून. कुठल्याही संस्थेत गेले की मी पहिल्यांदा ड्यूटीची वही मागते. तुम्हीही ती काढा आणि गेल्या महिन्यात ‘जिद्दी’, ‘तोफान करे छे’ (दंगा करतात), ‘सहकार नथी’, ‘जमवानी ना पाडी’ हे शेरे किती वेळा आलेत ते मोजा. प्रशिक्षण कशाचं द्यायचं ते त्या आकड्यात आहे.

एक उदाहरण सांगते. रावपुऱ्यात संसार झालेल्या, साठ वर्षं अस्खलित गुजराती बोललेल्या एक काकू होत्या. वय चौऱ्याऐंशी, स्मृतिभ्रंश मधल्या टप्प्यावर. त्या जिथे राहत होत्या तिथल्या वहीत दुपारच्या रकान्यात सलग अकरा दिवस एकच शेरा: ‘जमवानी ना पाडी.’ जेवायला नकार. वजन अडीच किलो उतरलं तेव्हा मला बोलावणं आलं. मी दुपारी नुसती कोपऱ्यात बसून राहिले. सेविका ताट घेऊन आली, चांगली प्रेमाने वाकली आणि म्हणाली, ‘बा, जमवुं छे?’ काकू म्हणाल्या, ‘नाही गं जमत.’ सेविकेने ताट उचललं.

दोघींचंही आपापल्या जागी बरोबर होतं. गुजरातीत जमवुं म्हणजे जेवणं, मराठीत जमणं म्हणजे साधणं. काकूंची गुजराती आटत चालली होती. कानावर तो शब्द पडला की त्यांना ‘जमेल का?’ असं ऐकू येई, आणि त्या खरंखुरं उत्तर देत: नाही जमत. सेविकेच्या कानाला तेच उत्तर ‘जेवायचं नाही’ असं लागे. आणि न जमण्याचं कारण तोंडात होतं. खालची कवळी सैल होऊन हिरडीला जखम झालेली, समोर ताटात भाखरी. कवळी दुरुस्त होईपर्यंत मऊ भात, वरण, दह्यात कालवलेला गुरगुट्या भात सुरू केला. पहिल्या दिवशी अर्धी वाटी गेली, चौथ्या दिवशी काकूंनी लोणचं मागितलं.

ही गोष्ट ऐकली की लोक म्हणतात, म्हणजे सेविकांना मराठी शिकवायला हवं. थोडंफार शिकवाच, त्याबद्दल पुढे लिहिते. पण मला खटकलं ते वेगळंच. अकरा दिवसांत चार सेविकांनी आणि एका सुपरवायझरने तो शेरा वाचला, आणि ‘काय जमत नाही?’ असं काकूंना कुणीच विचारलं नाही. कारण वहीत निकाल लागलेला होता. ‘नकार दिला’ हा निकाल आहे. ‘ताट समोर ठेवलं, नाही जमत म्हणाल्या, हात गालाला लावला’ ही नोंद आहे. ती नोंद पहिल्याच दिवशी झाली असती तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी तोंड उघडून बघितलं असतं.

म्हणून माझ्या प्रशिक्षणाचा पहिला नियम: वहीत विशेषण लिहायचं नाही. जिद्दी, हट्टी, आळशी, घाणेरडे, चांगले, शांत, सगळी बंद. ‘शांत’ तर फारच घातक. दिवसभर शांत पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया झालेला असू शकतो. काय दिसलं, माणूस स्वतःच्या शब्दांत काय म्हणाला, किती वाजता, आणि त्याच्या आधी काय घडलं होतं, एवढंच लिहायचं. ज्यांना लिहिणं जड जातं त्यांनी मोबाइलवर बोलून ठेवावं आणि सुपरवायझरने ते उतरवून घ्यावं. लिहिता येत नाही म्हणून दिसत नाही असं नसतं. उलट शिकलेल्या पोरींपेक्षा पावी जेतपूरकडच्या बायकांची नजर मला जास्त तयार वाटते. गुरांचं दुखणं न बोलता ओळखायची सवय घरातूनच असते म्हणून असेल.

आता भाषेबद्दल. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी निसटते आणि लहानपणची शेवटपर्यंत टिकते. देशात साठीच्या पुढच्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के धरतात, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसं. वृद्धनिवासात ते प्रमाण साहजिकच बरंच जास्त असतं, कारण घरी झेपेनासं झालं की माणसं तिथे येतात. तुमच्या बावीसमध्ये सहा-सात जण तरी असतील. त्यातल्या मराठी मंडळींसाठी सेविकांना चाळीसेक शब्द पुरतात: दुखतंय, आग होतेय, गरगरतंय, मळमळतंय, थंडी वाजतेय, भीती वाटते, नको, पुरे, थांब. आणि शौचाचे जुने शब्द मुद्दाम. एका आजींना रोज संध्याकाळी ‘परसाकडे जायचंय’ असायचं. सेविकेला त्यातलं ‘जायचंय’ तेवढं कळे. ती दार लावून घेई आणि वहीत ‘भागी जाय छे’, म्हणजे पळून जातात, असं लिही. दहा मिनिटांनी कपडे ओले. मग डायपर. ज्या बाईला वेळेवर जाणीव होत होती आणि सांगताही येत होतं, तिला एका शब्दापायी डायपर लागला. मला याचा अजून राग येतो.

हाक कशी मारायची हा भाग बडोद्यात विशेष गुंत्याचा आहे. गुजरातीत दादा म्हणजे आजोबा, मराठीत मोठा भाऊ. एका निवृत्त प्राध्यापकांना सगळ्या सेविका आदराने ‘दादा’ म्हणत आणि ते ढिम्म बघत नसत. ‘सर’ म्हटलं की लगेच मान वळे. दुसरीकडे एक निवृत्त शिक्षिका. त्यांना ‘बाई’ म्हणा असं मी सुचवलं तर सेविका संकोचल्या. त्यांच्या मनात बाई म्हणजे घरकाम करणारी. मराठी शाळेत बाई म्हणजे कोण हे समजावल्यावर एकीने भीत भीत हाक मारली, ‘बाई, औषध घेता?’ त्या खुर्चीत ताठ बसल्या आणि म्हणाल्या, ‘आण इकडे.’ नाव, हाक आणि अहो-जाहो हे प्रत्येकाचं दाखल होतानाच विचारून घ्या. आणि कुणालाही, कितीही लाडाने, ‘बाळा’ नाही. इंग्लंडमधल्या टॉम किटवूड या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात अशा वागण्याची यादीच केली होती: लहान मूल समजणं, फसवून काम करून घेणं, झेपेल त्यापेक्षा घाई करणं, शिक्का मारणं, समोर असताना नसल्यासारखं बोलणं. त्याचं म्हणणं असं की हे दुष्टपणाने होत नाही, चांगली माणसं कामाच्या ओघात करतात. मला ती यादी सेविकांपेक्षा नातेवाइकांना आणि (माफ करा) विश्वस्तांना जास्त वाचून दाखवावीशी वाटते.

शरीराबद्दल व्याख्यान देऊ नका, करून दाखवा. आम्ही कानात कापूस घालतो, चष्म्याच्या काचांना व्हॅसलिन लावतो, बुटात तुरीची डाळ टाकतो, हातात दोन-दोन मोजे, आणि मग सांगतो: जिना उतरा, गोळीचं पाकीट फोडा, साडीची निरी घाला. पंधरा मिनिटांत हशा थांबतो. त्यानंतर माहिती दिली की ती डोक्यात राहते. वयाबरोबर आधी उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, त्यामुळे स, श, फ, च अशी व्यंजनं निसटतात आणि बोलणं ऐकू येतं पण कळत नाही. ओरडल्याने ते सुधारत नाही, शिवाय चेहरा रागावलेला दिसतो. समोर बसून, तोंडावर उजेड येईल असं, खालच्या पट्टीत बोलायचं. आणि त्याआधी कानात मळ आहे का आणि कानातल्या यंत्राचा सेल चालू आहे का ते बघायचं. साठीच्या डोळ्यात विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांश उजेडच पडद्यापर्यंत पोचतो. पांढऱ्या ताटलीतला पांढरा भात दिसत नाही, चकचकीत स्टीलवर ट्यूबलाइट चमकते, आणि दारातलं काळं पायपुसणं खड्ड्यासारखं वाटतं. रंगीत ताटल्या घ्या, पायपुसणं उचला. याला प्रशिक्षण लागत नाही, हजार-दोन हजार रुपये लागतात.

दुसरा प्रयोग खिचडीचा. जोड्या करून एकीने दुसरीला भरवायचं. भरवून घेणारीचे डोळे बांधलेले, हात मांडीखाली. भरवणारीला मी गुपचूप सांगते, घाई कर आणि बाजूच्या बाईशी गप्पा मार. नंतर कुणालाच समजवावं लागत नाही. मग नीट रीत: माणूस ताठ बसलेला, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, आधीचा घास गिळल्याशिवाय पुढचा नाही, जेवणानंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. गिळल्यावर आवाज पाणी भरल्यासारखा घोगरा आला तर भरवणं थांबवून सांगायला यायचं. आणि प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजायचं. दहा आकडे फार मोठे वाटतात, पण कित्येकांचं उत्तर सात-आठला येतं, आणि तोवर आपण दुसरा प्रश्न विचारून पहिला पुसून टाकलेला असतो.

उठवणं-बसवणं हे प्रत्यक्ष हाताने शिकायचं, लिहून सांगता येत नाही. दोन गोष्टी मात्र भिंतीवर लावा. अंथरुणातून उठवताना आधी कडेला मिनिटभर बसवायचं, नाहीतर रक्तदाब एकदम उतरून माणूस पडतो. आणि अर्धांगाच्या माणसाचा लुळा हात धरून कधीही ओढायचं नाही, खांदा निखळतो. कपडे चढवताना लुळी बाजू आधी, काढताना शेवटी.

आंघोळीला मी अर्धा दिवस देते. वृद्धनिवासातली निम्मी भांडणं तिथेच होतात, मारणं, चावणं, बोचकारणं सगळं. जरा तिकडून बघा: थंडी वाजतेय, फरशी ओली, एक परकी बाई घाईने लुगडं सोडतेय, आणि अचानक डोक्यावर पाणी. तुम्ही काय केलं असतं? पाणी, कपडे, टॉवेल, बसायला पाठीचं स्टूल, सगळं आधी मांडून ठेवायचं. खांद्यावरून मोठा पंचा पांघरायचा आणि तो शेवटपर्यंत काढायचा नाही, त्याच्या आतून धुवायचं. सुरुवात पायांपासून, तोंड आणि डोकं शेवटी. एक तांब्या आजींच्या हातात द्यायचा. तांब्या हातात आला की हात आपोआप काम करायला लागतो आणि ओरडणारी बाई स्वतःच्या पायांवर पाणी घेते, हे मी कितीदा पाहिलंय. तेल आंघोळीच्या आधी न्हाणीघरात लावू नका, घसरतात. नंतर खोलीत बसवून लावा. आणि पुसताना माकडहाडाजवळ, टाचांवर, नितंबांवर लालसर डाग दिसला तर बोटाने दाबून बघायचं. दाबल्यावर पांढरा पडत नसेल तर तो दाबव्रणाची सुरुवात आहे, त्याच दिवशी सांगायचं, आणि दोन-दोन तासांनी कूस बदलायला सुरुवात करायची.

रोज डोक्यावरून आंघोळ तब्येतीला गरजेची नसते, आठवड्यातून दोन-तीनदा पुरते, एरवी अंग पुसलं तरी चालतं. पण आपल्या पिढ्या आंघोळ झाल्याशिवाय तोंडात घास न घालणाऱ्या. अशा आजींना ‘आज पुसून घेऊ’ म्हटलं तर त्या जेवणार नाहीत. मग कोमट पाण्याने पुसून, धुतलेलं लुगडं नेसवून, कुंकू लावून ‘आंघोळ झाली’ असं त्यांच्याच तोंडून येऊ द्यावं. हे फसवणं नाही, त्यांच्या हिशेबाने आंघोळ खरंच झालेली असते.

आता माझी स्वतःची चूक. नर्स होऊन तीन-चार वर्षं झाली होती. रात्रपाळीला एक आजोबा, दिवसा सज्जन, रात्री दहापासून आरडाओरडा, चादर ओढणं, मला शिव्या. झोपेच्या गोळीची डॉक्टरांची चिठ्ठी होती, मी गोळी दिली आणि वहीत लिहिलं, ‘रात्री फार त्रास दिला.’ सकाळी आलेल्या सिस्टरने पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मूत्राशय टम्म. नळी घातली तर लिटरभरापेक्षा जास्त लघवी निघाली. दोन दिवसांपूर्वी त्यांना सर्दीची गोळी दिली होती. त्या गोळीने प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडू शकते, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. नळी घातल्यावर ते तासाभरात निवळले आणि मला ‘मुली’ म्हणून पाणी मागितलं.

म्हणून सेविकांना मी एकच निदान शिकवते: अचानक की हळूहळू. महिनोन्‌महिने होत आलेला विसर वेगळा. कालपर्यंत ठीक असलेला माणूस आज बरळतोय, झोपाळू झालाय, हवेत काहीतरी वेचतोय, तर ते दुखणं आहे आणि घाईचं आहे. लघवीचा संसर्ग, अडलेली लघवी, चार दिवसांची बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, छातीत कफ, रक्तातलं सोडियम उतरणं, नवी गोळी, यातलं काहीही. सेविकेने कारण शोधायचं नाही. ‘कालच्यापेक्षा आज वेगळे आहेत’ एवढंच वाक्य घेऊन ती आली की सुपरवायझरने ‘वय झालंय’ म्हणायचं नाही, ही अट मी संस्थेकडून लिहून घेते. बडोद्याच्या मे महिन्यात तर पाण्याकडे लक्ष हवंच. म्हातारपणी तहान लागल्याचं कळतच नाही. पाणी विचारायचं नसतं, हातात द्यायचं असतं. ताक, सरबत, पेज, काहीही.

पण प्रत्येक रात्रीचा गोंधळ आजारच असतो असंही नाही. बडोद्याजवळची कोयलीची रिफायनरी १९६५ साली सुरू झाली, तिथे आणि आसपासच्या कारखान्यांत तीस-तीस वर्षं पाळ्या केलेली पिढी आता तुमच्याकडे येतेय. अशा एका काकांबद्दल वहीत हुबेहूब माझाच शेरा होता: रात्री त्रास देतात. ते रात्री एकला उठून दारं हलवत फिरत. एका सेविकेने, मी नव्हे, त्यांच्या मुलीला विचारलं की हे काम काय करायचे. मग तिने त्यांना बॅटरी आणि वही दिली आणि वॉचमनबरोबर फेरीला धाडलं. पाण्याच्या टाकीची पातळी ते वेळेसकट लिहून ठेवत आणि अडीचला झोपत. पोटावर हात ठेवून, ताप बघून, मगच या निष्कर्षाला यायचं, हे मात्र विसरू नका.

यासाठी प्रत्येकाचं एक पान लागतं, आणि ते आवडता रंग, आवडता सण असलं नको. काम काय केलं, किती वाजता उठायचे, आंघोळ आधी की चहा आधी, पलंग की खाली गादी, कशाची भीती, कोण गेलंय आणि ते त्यांना आठवतं का, घर कुठे होतं. तुमच्याकडच्या नव्वदीतल्या माणसांचा जन्म सयाजीरावांच्या राज्यात झालेला आहे. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात गेलं, १९६० मध्ये गुजरात झाला; दांडिया बाजारातलं घर न सोडता ही माणसं तीन राज्यांत राहिली. संध्याकाळी एखाद्या आजी ‘घरी जायचंय’ म्हणतात तेव्हा कुठलं घर, हे आधी कळायला हवं. ‘हेच तुमचं घर’ म्हणून वाद घालू नये. ‘उद्या नेते’ असं खोटंही सांगू नये, ते उद्याचं उद्या अंगावर येतं. ‘घरी कोण कोण आहे हो?’ असं विचारून शेजारी बसावं, हातात निवडायला मेथीची जुडी द्यावी. नवरा वारलाय हे दर वेळी नव्याने सांगायची गरज नाही. दर वेळी ती बातमी पहिलीच असते.

जाता जाता उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत. १४ जानेवारीला गच्च्यांवरचे भोंगे, थाळ्या, ‘काइपो छे’च्या आरोळ्या, रात्री फटाके. तुम्हा-आम्हाला मजा, पण स्मृतिभ्रंशाच्या माणसाला दंगल झाल्यासारखं वाटतं. त्या दिवशी सेविका जास्त हव्यात आणि नेमक्या त्याच दिवशी सगळ्यांना सुट्टी हवी असते. आतली, रस्त्यापासून लांबची खोली आधीच रिकामी करून ठेवा.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते. सेविका उर्मट का होतात? तुमच्या निवासात रात्री बावीस जणांना किती सेविका असतात? दोन असतील तर दर दोन तासांनी कूस बदलणं, कपडे बदलणं आणि दहापर्यंत मोजणं हे एकत्र शक्य नाही, आणि मी शिकवून फक्त त्यांच्या मनाला टोचणी लावून जाईन. रात्री तीन करा, मग मला बोलवा. दुसरं, काही आजी या बायकांच्या हातचं पाणी घेत नाहीत. जात विचारतात, तोंडावर बोलतात. मेंदूचा आवर सुटला की पोटातलं सगळं बाहेर येतं, आणि आपल्या घरांच्या पोटात हे होतंच. सेविकेला मी सांगते की हे तू गिळायचं नाहीस. बाजूला हो, दुसरीला पाठव, वहीत शब्दशः लिही. पण संस्थेनेही दाखल करून घेतानाच घरच्यांना सांगावं की हातचं पाणी चालणार नसेल तर इथे जागा नाही. आणि स्वयंपाकघरात सेविकांचे कप वेगळे ठेवले असतील तर ते आजच्या आज एकत्र करा. वेगळा कप दिलेल्या बाईला मी आदर शिकवायला उभी राहिले तर ती हसेल, आणि तिने हसावं.

छळाच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी दार उघडं हवं. एल्डरलाइन या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४५६७ हा नंबर आजी-आजोबांच्या खोल्यांत मोठ्या अक्षरांत लावा. सेविकेवर हात उचलला गेला, किंवा तिने उचलला, तरी चौकशी त्याच दिवशी, दोघांचं ऐकून.

तीन दिवस सलग घेऊ नका. नऊ सेविका एकदम वर्गात बसल्या तर बावीस जणांकडे कोण बघणार? दर आठवड्याला एक दिवस, दोन तुकड्या, आणि मधल्या दिवसांत मी किंवा तुमची सुपरवायझर प्रत्यक्ष ड्यूटीत बरोबर. पहिला दिवस वही, हाका आणि शब्द. दुसरा खिचडी, आंघोळ, उठवणं. तिसरा अचानक बदल, रात्र, आणि मृत्यू. कारण पाच वर्षं जिला भरवलं ती आजी गेल्यावर सेविकेला दोन तासांत तोच पलंग दुसऱ्यासाठी तयार करायला सांगतात, आणि मग ती कोरडी झाली अशी तक्रार करतात. लेखी परीक्षा नको, प्रमाणपत्र हवं तर द्या. सहा आठवड्यांनी मी परत येऊन वही, वजनाचा तक्ता आणि पडण्याची नोंद बघते. पडण्याच्या नोंदी सुरुवातीला वाढतील, घाबरू नका. आधी त्या लिहिल्या जात नव्हत्या.

पहिल्या दिवशी विश्वस्तांपैकी दोघांनी तरी डोळे बांधून खिचडी खायला बसावं. आणि मी येईपर्यंत गेल्या महिन्याची वही आहे तशीच ठेवा. कुणाला ती नीटनेटकी उतरवून काढायला सांगू नका.